दहा सूत्रं त्यांची, दहा सूत्रं आपली

 

आज आपण जाहिरातीविषयी बोलणार आहोत. पण पडद्यावरच्या जाहिरातीविषयी थोडं, आणि ती बनवणाऱ्या कचेरीविषयी जास्त. तिथं कोण काम करतं, प्रमुख कोण असतं, कामाचे तास किती, बाईला तिथं कसं वागवलं जातं, आणि हे सगळं बदलतं ते कुणामुळे. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही लोणचं, पापड, शेवया करणाऱ्या बायका. संबंध आहे. एक तर आपल्या घराघरांतल्या मुली आता शिकून पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरीला जातात. दुसरं म्हणजे गटाला मोठी ऑर्डर मिळाली की आपलं अंगणही कचेरीच होतं. तिथं नियम कोण करतं आणि रात्री किती वाजेपर्यंत बसायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.

आधी जाहिरात संस्थेचं काम कसं चालतं ते पाहू. साबणाच्या कंपनीला साबण विकायचा असतो, पण जाहिरात ती स्वतः करत नाही. ती जाहिरात संस्थेकडे जाते. संस्थेत एक माणूस कंपनीशी बोलतो, तिला काय हवं ते समजून घेतो. दुसरा शब्द लिहितो. तिसरा चित्र काढतो. चौथा ठरवतो की जाहिरात टीव्हीवर द्यायची, पेपरात, रेडिओवर की मोबाईलवर. शब्द आणि चित्र या दोन्हींचा जो प्रमुख असतो, त्याला क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणतात. कोणती कल्पना पुढे जाणार आणि कोणती कचऱ्यात, हे त्याच्या हातात.

नवं काम मिळवायचं असेल तर चारपाच संस्थांमध्ये चढाओढ लागते. प्रत्येक संस्था रात्रंदिवस खपून आपली कल्पना तयार करते आणि कंपनीपुढे मांडते. काम एकीलाच मिळतं. बाकीच्यांची मेहनत बहुतेक वेळा फुकट जाते. शिवाय कंपनीनं संध्याकाळी सांगितलं की उद्या सकाळी बदल करून द्या, तर नाही म्हणायची सोय नसते. त्यामुळे या धंद्यात रात्री जागणं ही जणू मर्दुमकी समजली गेली. जो उशिरापर्यंत थांबेल तो खरा कामाचा. ज्याला घरी लेकरू आहे, सासू आजारी आहे, शेवटची लोकल पकडायची आहे, तो कमी पडला असं आपोआप ठरायचं. आणि घरी लेकरू कुणाला सांभाळायचं असतं, हे काही तुम्हांला सांगायला नको.

आता खुर्चीची गोष्ट. अमेरिकेत मेरी वेल्स नावाची बाई होती. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या एका जाहिरात संस्थेत तिचं नाव गाजत होतं. एका विमान कंपनीची विमानं तिनं रंगीबेरंगी करून टाकली, आणि लोक ते बघायला लागले. संस्थेच्या मालकांनी तिला सांगितलं, सगळा कारभार तू बघ, पण अध्यक्ष हे पद तुला देता येणार नाही. बाई अध्यक्ष झालेली लोकांना चालणार नाही. मेरी वेल्सनं काय केलं? तिनं नोकरी सोडली आणि १९६६ मध्ये दोन सहकाऱ्यांना घेऊन स्वतःची संस्था काढली. काही वर्षांत ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीची पहिली स्त्री प्रमुख ठरली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याकडे उलटी घडते, बघा. तिथं बाईला काम दिलं आणि खुर्ची नाकारली. आपल्याकडे राखीव जागेमुळे बाईला खुर्ची मिळते, आणि काम सरपंचपती करतो. सही तिची, शब्द त्याचा. दोन्हीकडे एकच गोष्ट अडलेली असते. निर्णय बाईनं घ्यायचा, आणि तो तिच्या नावानं लोकांपुढे यायचा, हे दोन्ही एकत्र होत नाही.

बरं, मेरी वेल्सनं वाट दाखवली म्हणून बाकीच्यांना वाट मिळाली का? काही जणींना मिळाली. ओगिल्व्ही ही जगभर पसरलेली मोठी संस्था. १९९० च्या दशकात शार्लट बीअर्स आणि त्यांच्यानंतर शेली लाझारस अशा दोन बायका एकीमागून एक तिच्या जगभरच्या प्रमुख झाल्या. पण कल्पना ठरवणारी जी क्रिएटिव्ह डायरेक्टरची खुर्ची, तिथं बायका पोचतच नव्हत्या. २०१२ मध्ये अमेरिकेत कॅट गॉर्डन या बाईंनी एक चळवळ सुरू केली. तिचं नावच ‘तीन टक्के’. कारण त्या देशातल्या क्रिएटिव्ह डायरेक्टरांमध्ये बायका होत्या शंभरात तीन. आणि घरातल्या वस्तू विकत घ्यायचा निर्णय तर बहुतेक ठिकाणी बाईच घेते! म्हणजे स्वयंपाक पुरुषांनी ठरवायचा, वाढून बाईला द्यायचं आणि वर विचारायचं, आवडला का?

त्याच्याही आधीची एक घटना ऐका. २००५ च्या ऑक्टोबर महिन्यात कॅनडातल्या टोरांटो शहरात एक सभा झाली. जाहिरात क्षेत्रातले एक फार मोठे, नावाजलेले गृहस्थ तिथं बोलायला आले होते. कुणीतरी विचारलं, वरच्या जागांवर बायका इतक्या कमी का? त्यांच्या उत्तराचा मतितार्थ असा की बायका तेवढं काम देतच नाहीत, मूल झालं की निघून जातात, मग वर कशा पोचणार. सभेत नॅन्सी वाँक नावाची एक बाई बसली होती. त्या गृहस्थांच्याच कंपनीसमूहात ती क्रिएटिव्ह डायरेक्टर होती. ती घरी गेली आणि तिनं हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं. जगभर गदारोळ झाला. त्याच महिन्यात त्या गृहस्थांना पद सोडावं लागलं. विचार करा, आपल्याच साहेबाविरुद्ध नाव घालून लिहायला किती धीर लागला असेल. एका बाईनं लिहिलं म्हणून एक माणूस गेला. पण आमच्या मते खरा फरक वेगळाच पडला. तोपर्यंत अशी वाक्यं सभेत हसून ऐकली जात. त्यानंतर बोलणाऱ्याला आधी विचार करावा लागला.

खुर्चीवर कोण बसतं आणि टेबलाभोवती कुणाला विचारलं जातं, याचा परिणाम आपल्या घरातल्या टीव्हीपर्यंत पोचतो. आपल्या देशातली दोनतीन उदाहरणं देतो.

पाळीत लोणच्याला हात लावायचा नाही, हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी ऐकलंय. लोणचं नासतं म्हणे. २०१४ मध्ये सॅनिटरी पॅडच्या एका जाहिरातीनं मुलींना थेट सांगितलं, लोणच्याला हात लावा. मुंबईतल्या बीबीडीओ या संस्थेनं ती मोहीम केली होती. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या कान शहरात जाहिरातींच्या जगातल्या मोठ्या महोत्सवात एक नवा पुरस्कार सुरू झाला, स्त्री-पुरुष भेदावर बोट ठेवणाऱ्या जाहिरातींसाठी. त्याचा पहिला सर्वोच्च मान या लोणच्याच्या मोहिमेला मिळाला. लोणच्याची बरणी थेट फ्रान्सला पोचली!

त्याच संस्थेची, त्याच सुमाराची कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. दोन वयस्क बायका गप्पा मारताहेत. सुनेला मुलापेक्षा जास्त पगार आहे, याचं कौतुक चाललंय. तेवढ्यात आतून मुलाचा आवाज येतो, माझा शर्ट का नाही धुतला? आणि जाहिरात विचारते, कपडे धुणं हे फक्त बाईचंच काम का? आता पावडर विकायची म्हणून कंपनीनं हे केलं, हे आम्हांलाही कळतं. पण पूर्वीच्या जाहिरातींत पांढराशुभ्र शर्ट बघून बाईनं नुसतं खूश व्हायचं असे. आता तिच्या हातातली बादली कुणाकडे द्यायची, हा प्रश्न तरी निघाला.

तिसरं उदाहरण चॉकलेटचं. १९९४ च्या सुमारास क्रिकेटच्या मैदानावर मुलगा षटकार मारतो आणि मुलगी नाचत मैदानात धावत येते, ही जाहिरात खूप गाजली. २०२१ मध्ये तीच जाहिरात पुन्हा केली. या वेळी षटकार मुलगी मारते आणि नाचत येतो मुलगा. गाणं तेच, नाच तसाच. जागा तेवढ्या बदलल्या. गावातल्या पोरींनी बॅट हातात घेतल्यावर आता कुणी तोंड वाकडं केलं, तर त्यांना ही जाहिरात दाखवायला हरकत नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एक परिषद आपल्या देशात आहे, जाहिरातवाल्यांनी स्वतःच १९८५ मध्ये मुंबईत स्थापन केलेली. तिनं २०२२ मध्ये नियम काढले की स्त्री-पुरुषांविषयीच्या घातक समजुती पक्क्या होतील असं जाहिरातीत दाखवू नये. एखादी जाहिरात खटकली तर सामान्य माणूसही तिच्याकडे तक्रार करू शकतो.

आता येतो आजच्या मुख्य गोष्टीकडे. ही गोष्ट जपानची आहे, आणि जड आहे. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना बाहेर खेळायला पाठवा, आणि मग ऐका.

जपानमध्ये डेन्त्सू नावाची जाहिरात संस्था आहे. त्या देशातली सगळ्यांत मोठी. तिचं काम मुंबईतही चालतं. दुसऱ्या महायुद्धानंतर हिदेओ योशिदा हे तिचे अध्यक्ष होते. माणूस कर्तबगार. त्यांनी संस्था मोठी केली. १९५१ मध्ये त्यांनी आपल्या लोकांसाठी दहा नियम लिहिले. पुढे त्यांना ‘राक्षसाचे दहा नियम’ असंच नाव पडलं. काम कुणी देईल याची वाट बघू नका, स्वतः शोधा. मोठं काम धरा. अवघड काम धरा. एकदा हातात घेतलेलं काम जीव गेला तरी सोडू नका. भांडणाला, घर्षणाला भिऊ नका. असे ते दहा नियम. पुढे अनेक वर्षं हे नियम कर्मचाऱ्यांच्या वहीत छापले जात होते.

ऐकायला यातले काही नियम चांगलेच वाटतात. स्वतः काम शोधा, हे तर आम्हीही गटांना सांगतो. युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या देशात, सगळं नव्यानं उभं करायचं असताना, कुणा अध्यक्षानं असं लिहिलं हेही समजू शकतं. पण काळ गेला, संस्था अवाढव्य झाली, तरी जीव गेला तरी सोडू नका हे वाक्य वहीत तसंच राहिलं.

१९९१ मध्ये त्या संस्थेतल्या २४ वर्षांच्या एका मुलानं कामाच्या ओझ्याखाली स्वतःचं आयुष्य संपवलं. आईवडील कोर्टात गेले. २००० मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कर्मचाऱ्याचं आरोग्य सांभाळणं ही कंपनीची जबाबदारी आहे आणि ती कंपनीनं पाळली नाही. एवढा मोठा निकाल झाला. तरी वहीतले नियम तसेच राहिले.

मग २०१५ साल आलं. मात्सुरी ताकाहाशी नावाची मुलगी एप्रिलमध्ये नोकरीला लागली. वय २३. आईनं एकटीनं वाढवलेली. खूप अभ्यास करून ती टोकियोच्या विद्यापीठात गेली, देशातल्या सगळ्यांत मानाच्या विद्यापीठात. शिकून आईचे कष्ट कमी करायचे, ही तिची इच्छा. तिला इंटरनेटवरच्या जाहिरातींच्या विभागात टाकलं. तिथं काम संपत नव्हतं. एका महिन्यात शंभर तासांहून जास्त जादा काम झाल्याचं पुढे सरकारी चौकशीत निघालं. रोजचे आठ तास वेगळे, त्यावर हे शंभर. ती मोबाईलवर लिहायची, झोप नाही, अंग थरथरतं. वरिष्ठ तिला म्हणायचे, तुझ्या जादा तासांचा कंपनीला काही उपयोग नाही. केस विस्कटलेत, डोळे लाल आहेत, अशानं कामावर येऊ नकोस. म्हणजे झोपू द्यायचं नाही, आणि झोपलेली दिसत नाहीस म्हणून बोलायचं. २०१५ च्या २५ डिसेंबरला मात्सुरीनं आपलं आयुष्य संपवलं.

तिच्या आईनं, युकिमी ताकाहाशींनी, हे प्रकरण सोडलं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सरकारच्या कामगार कचेरीनं मान्य केलं की हा मृत्यू कामाच्या अतिरेकामुळे झाला. ऑक्टोबरमध्ये आई पत्रकारांसमोर बसली आणि मुलीचं नाव घेऊन बोलली. नाव लपवलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण तिनं नाव घेतलं, आणि देश हलला.

पुढे काय काय झालं ते क्रमानं सांगतो. त्याच ऑक्टोबरमध्ये डेन्त्सूनं ठरवलं की रात्री दहा वाजता कचेरीतले दिवे बंद करायचे. टोकियोतल्या त्या उंच इमारतीचे दिवे रात्रभर जळायचे, ते दहाला विझू लागले. नोव्हेंबरमध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी कंपनीच्या कचेऱ्यांची झडती घेतली. डिसेंबरमध्ये कंपनीनं जाहीर केलं की ते दहा नियम आता वहीत छापणार नाही. त्याच महिन्यात अध्यक्ष तादाशी इशी यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा जाहीर केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोर्टानं कंपनीला दोषी ठरवून पाच लाख येन दंड केला. आपल्या पैशांत तीन लाखांच्या आसपास. एवढ्या मोठ्या कंपनीला हा दंड म्हणजे काहीच नाही. पण देशभर चर्चा झाली, आणि २०१८ मध्ये जपानच्या संसदेनं कामाच्या तासांचा नवा कायदा केला. एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना जादा कामावर मर्यादा आली. कितीही गरज पडली तरी एका महिन्यात शंभर तासांच्या आत आणि वर्षाला ७२० तासांपर्यंतच. मोडलं तर शिक्षा.

आता तुम्ही विचाराल, दिवे विझले, नियम काढले, साहेब गेले, मग सगळं सुधारलं का? कंपनीनं माणसं वाढवली, तास कमी करायचं उद्दिष्ट ठरवलं. पण २०१९ मध्ये तिला जादा तासांवरून कामगार कचेरीची पुन्हा ताकीद मिळाली. यातून आम्ही एवढंच समजलो की दिवा विझवणं सोपं आहे. काम तेवढंच आणि माणसं तेवढीच राहिली, तर दिवा विझला तरी काम पिशवीत घालून घरी जातं. प्रमुखाला कामाचं माप बदलावं लागतं. गिऱ्हाइकाला, उद्या सकाळी नाही, परवा देतो, असं म्हणायचं धाडस प्रमुखालाच करावं लागतं. खालची पोर ते म्हणू शकत नाही.

आता आपल्या देशात येऊ. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याकडच्या जाहिरात संस्थांमधल्या अनेक मुलींनी वरिष्ठांकडून झालेल्या त्रासाविषयी उघड लिहिलं. मोठमोठ्या पदांवरच्या काही पुरुषांना पायउतार व्हावं लागलं. कितीतरी संस्थांमध्ये तक्रार समिती फक्त कागदावर होती, ती तेव्हा जागी झाली. त्या मुलींनी ज्या कायद्याचा आधार घेतला, तो कायदा कुठून आला हे आपल्याला माहीत असायलाच हवं. तो मुंबईच्या काचेच्या इमारतीतून आलेला नाही. तो आला राजस्थानातल्या भटेरी गावातून. तिथं भंवरीदेवी नावाची एक साथिन होती, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणारी. आपल्या सखी, सीआरपी असतात ना, तशीच. १९९२ मध्ये तिनं एका तान्ह्या मुलीचा बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ती गप्प बसली नाही. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना सोडून दिलं. पण तिच्यावर हे कामामुळे ओढवलं, मग कामाच्या जागी बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ मध्ये विशाखा निकाल लागला. २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला.

त्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं जिथं काम करतात, तिथं अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. समिती नेमली नाही तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. आणि जिथं दहाहून कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. शेतमजूर, घरकामगार, वीटभट्टीवरची बाई, सगळ्यांना ही समिती आहे. आपल्या मुलीला शहरात नोकरी लागली की आपण विचारतो, पगार किती, राहायची सोय काय. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारा. घरी किती वाजता येतेस? आणि तुमच्या कचेरीत समिती आहे का, तिच्यावरची नावं भिंतीवर लावलीत का?

मुलगी फोनवर म्हणाली, आई, झेपत नाही, तर पटकन म्हणू नका, सगळेच करतात, तूही कर. आधी पूर्ण ऐकून घ्या. मन फारच खचलं असेल, जगणं नकोसं वाटतंय असं कुणी बोललं, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शहरातल्या मुलीला लागेल, तसा आपल्या घरातल्या कर्त्या पुरुषालाही लागू शकतो.

आता शेवटी आपल्याविषयी. त्यांचे दहा नियम होते, तशी आपल्या गटांचीही दशसूत्री आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. मग आरोग्य, शिक्षण, पंचायतीत सहभाग, सरकारी योजना आणि टिकाऊ उपजीविका. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. योशिदांच्या यादीत माणसाची तब्येत कुठंच नाही. आपल्या यादीत आरोग्य सहाव्या नंबरवर लिहिलेलं आहे. पण आपण ते पाळतो का?

दिवाळीच्या आधी फराळाची ऑर्डर येते. दोनशे किलो चिवडा, शंभर किलो चकली. चुलीपुढे रात्रीचे दोन वाजतात. कंबर मोडते, डोळे चुरचुरतात, पहाटे पुन्हा धारा काढायच्या. ऑर्डर घेताना हो कोण म्हणालं? बहुतेक वेळा अध्यक्षबाई आणि सचिवबाई. भाजताना बसतं कोण? ज्या बाईला नाही म्हणता येत नाही ती. बहुधा एकटी, विधवा, किंवा कर्जाचा हप्ता थकलेली. आम्ही कुणाला दोष देत नाही. ऑर्डर सोडली तर पुन्हा मिळणार नाही, ही भीती खरी आहे. पण हीच भीती टोकियोच्या साहेबालाही होती.

आम्ही समन्वयिकांनी आपापसांत बसून काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुमच्यापुढे ठेवतो. पहिली, रात्री आठनंतर गटाच्या मोबाईल ग्रुपवर कामाचा निरोप टाकायचा नाही. वरून आम्हांला रात्री दहा वाजता माहिती मागितली, तरी ती तुमच्याकडे सकाळीच मागायची, आणि वर तसं सांगायचं. दुसरी, ऑर्डर घ्यायच्या आधी बैठकीत माणसं आणि तास मोजायचे, आणि ते इतिवृत्तात लिहायचं. दोनशे किलोला आठ जणी चार दिवस लागत असतील, तर गिऱ्हाइकाला तीन दिवसांचा शब्द द्यायचा नाही. तिसरी, ज्यांनी जास्त तास दिले त्यांचे तास वहीत चढायचे आणि मजुरीत दिसायचे. चौथी, पदाधिकारी ठरल्या मुदतीनं बदलायचे. जुन्या अध्यक्षबाईंनी खूप केलं, यात शंका नाही. पण बँकेत कागद कसा भरायचा हे एकटीलाच येत असेल, तर ती आजारी पडली की गटही आजारी पडतो. पाचवी, ओली बाळंतीण, आजारी सासरा, बारावीची पोर ज्या घरी आहे, तिनं त्या हंगामात हलकं काम मागितलं तर त्यावर टोमणा मारायचा नाही.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा आणि तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गटात निर्णय कोण घेतं आणि राबतं कोण? आपल्या गटात असा कुठला नियम आहे, जो कधीतरी उपयोगी होता पण आता जाचतो? आणि आपल्यातली सगळ्यांत गप्प बसणारी बाई शेवटची कधी बोलली? उत्तरं लिहून आपल्या सहयोगिनीकडे द्या. निवडक उत्तरं आम्ही या रेडिओवर वाचून दाखवू, नावं न घेता.

पुढच्या भाषणात आपण आपल्याच मालाच्या लेबलाविषयी बोलणार आहोत. पाकिटावर काय लिहायचं, किती खरं लिहायचं आणि अन्नसुरक्षेचा नंबर कुठं छापायचा. तोपर्यंत तब्येतीला जपा, वेळेवर जेवा आणि वेळेवर झोपा. नमस्कार.